डॉपलरमध्ये (रक्तप्रवाह दाखवणारी सोनोग्राफी) ‘हिपॅटिक व्हेन्स नीट दिसत नाहीत’ असं आलंय. पुढं काय करावं? (बड-कियारीचा, म्हणजे लिव्हरमधून रक्त बाहेर नेणाऱ्या हिपॅटिक व्हेन्स अडकल्याचा संशय)

तालुका_फिजिशियन (बीड जिल्हा):

नमस्कार. एका रुग्णाबद्दल नेमका सल्ला हवाय.

बाई २६ वर्षांची, ऊसतोड कुटुंबातली. दोन-अडीच महिन्यांपासून पोटाला पाणी, उजव्या बरगडीखाली जडपणा आणि दुखणं, दोन्ही पायांवर सूज. पोटावर आणि पाठीवरही शिरा फुगलेल्या दिसतात. बिलीरुबिन २.१, अल्ब्युमिन २.९, आयएनआर (रक्त गोठण्याची चाचणी) १.५, क्रिएटिनिन ०.८, प्लेटलेट १ लाख ३० हजार. हिपॅटायटिस बी आणि सी निगेटिव्ह. दारू नाही. पोटातल्या पाण्यात प्रोटीन ३.४, सॅग (रक्तातल्या आणि पाण्यातल्या अल्ब्युमिनमधला फरक) १.६, पेशी १८० (बहुतेक लिम्फोसाइट), एडीए (टीबीच्या पाण्यात वाढणारं एन्झाइम) १४.

पाण्यात लिम्फोसाइट आहेत म्हणून दुसरीकडं टीबीच्या गोळ्या सुरू झाल्या होत्या. पाच आठवडे झाले, फरक शून्य. डॉपलर रिपोर्टमध्ये एवढंच आहे: ‘हिपॅटिक व्हेन्स नीट दिसत नाहीत, कॉडेट लोब मोठा, लिव्हर पॅरेंकायमल डिसीज.’

डॉपलर पुन्हा करावा की थेट सीटी? हिपॅरिन कधी सुरू करावं, पाणी काढायच्या आधी की नंतर? आणि पुढं पाठवताना स्टेंटसाठी पाठवायचं की टिप्ससाठी (लिव्हरच्या आतून पोर्टल व्हेनचं रक्त थेट हृदयाकडच्या शिरेत नेणारा बायपास), हे इथं बसून कसं ठरवायचं? दिवाळीनंतर कुटुंब तोडीला जाणार आहे, तोही प्रश्न आहेच.

---

सोनो_लातूर:

डॉक्टर, तुमच्या पाण्याच्या रिपोर्टनं अर्धं काम करून ठेवलंय. सॅग १.१ च्या वर म्हणजे पोर्टल प्रेशर (आतड्यांकडून लिव्हरला येणाऱ्या शिरेतला दाब) वाढलेलं. टीबीच्या पाण्यात सॅग सहसा १.१ च्या खाली असतो आणि एडीए ३९ च्या वर जातो. इथं दोन्ही उलट आहेत. साध्या सिरॉसिसच्या पाण्यात प्रोटीन बहुधा २.५ च्या खाली राहतं, इथं ३.४ आहे. सॅग आणि प्रोटीन दोन्ही जास्त असले की अडथळा लिव्हरच्या पुढं, हृदयाच्या बाजूला शोधायचा. तिथं दोन मोठे संशयित: हिपॅटिक व्हेन किंवा आयव्हीसीचा (पोटातून हृदयाकडं रक्त नेणारी मोठी शीर) ब्लॉक, नाहीतर कन्स्ट्रिक्टिव्ह पेरिकार्डायटिस (हृदयाचं आवरण, म्हणजे पेरिकार्डियम, आवळणं).

म्हणून डॉपलरच्या आधी किंवा त्याच बैठकीत टूडी इको करून घ्या. पेरिकार्डायटिसमध्ये मानेच्या शिरा तट्ट फुगलेल्या असतात, आयव्हीसी आणि हिपॅटिक व्हेन्स रुंद असतात आणि श्वासाबरोबर आयव्हीसी आकसत नाही. बड-कियारीत मानेच्या शिरा बहुधा नॉर्मल असतात, हिपॅटिक व्हेन्स बारीक, दोरीसारख्या किंवा गायब. तुमच्या पेशंटच्या पाठीवर शिरा आहेत, पाय सुजलेत. त्यामुळं आयव्हीसीही अडकलेली असायची शक्यता दाट आहे. बेंबीखालची एक फुगलेली शीर दोन बोटांनी रिकामी करा आणि एकेक बोट उचलून ती कुठून भरते ते बघा. खालून वर भरत असेल तर आयव्हीसी अडकलीय असं धरून चाला.

आता डॉपलर. ‘दिसत नाहीत’ या दोन शब्दांवर कुणीही निर्णय घेऊ नये, कारण त्याचे तीन अर्थ होतात: शिरा खरंच बंद आहेत, सुजलेल्या लिव्हरनं त्या दाबल्या गेल्यात, किंवा मशीनचं सेटिंग वेगवान रक्तप्रवाहाचं ठेवलं होतं. डॉपलर पुन्हा कराच, पण असा करा. सहा तास उपाशी. पोट फार ताणलेलं असेल तर आधी थोडं पाणी काढून. कन्व्हेक्स प्रोब, कलर स्केल १५-२० सेंमी प्रति सेकंदापर्यंत खाली, वॉल फिल्टर कमीत कमी, स्पेक्ट्रल घेताना अँगल ६० अंशांच्या आत. पेशंटला खोल श्वास रोखायला लावू नका. खोल श्वासात व्हेनची लय सपाट होते आणि नॉर्मल व्हेनही आजारी वाटते. साध्या श्वासात मध्येच थांबायला सांगा. झिफॉइडखालून आडवा प्रोब ठेवून तिन्ही व्हेन्सचा संगम बघा, मग उजव्या फासळ्यांमधून उजवी व्हेन. व्हेन जिथं आयव्हीसीत उघडते ते तोंड आणि त्याच्या अलीकडचे दोन-तीन सेंमी, तिथंच बहुतेक वेळा गोम असते.

शोधायचं काय? प्रवाह नाही, उलटा आहे, की एकसुरी सपाट आहे. बंद व्हेनच्या शेजारी स्वल्पविरामासारख्या वळणाऱ्या किंवा कोळ्याच्या जाळ्यासारख्या पसरलेल्या कोलॅटरल्स (रक्तानं शोधलेल्या आडवाटेच्या शिरा). सिरॉसिसमध्ये व्हेन्स बारीक होतात, पण असं जाळं होत नाही. कॉडेटची (लिव्हरच्या मागच्या लोबची) स्वतःची शीर थेट आयव्हीसीत उघडते, म्हणून तो लोब वाचतो आणि वाढतो. त्याची शीर ३ मिमीपेक्षा रुंद दिसली तर संशय बळावतो. खालची अ‍ॅक्सेसरी उजवी हिपॅटिक व्हेन आवर्जून शोधा. ती मोठी आणि उघडी असेल तर पुढं फार उपयोगी पडते.

रिपोर्टमध्ये प्रत्येक व्हेनवर वेगळी ओळ असावी: तोंड उघडं की बंद, बंद भागाची लांबी, त्याच्या पलीकडं व्हेन किती मिमी. आयव्हीसीचा लिव्हरमागचा भाग, पडदा आहे का, खाली ताजी गुठळी आहे का, की कॉडेटनं बाहेरून दाबलीय. पोर्टल व्हेन उघडी आहे का. एवढं लिहून आलं तर पुढच्या डॉक्टरला फोन करून विचारावं लागत नाही.

त्यानंतर सीटी. डॉपलरनं निदान होतं, पण स्टेंटची आखणी सीटीवर होते. अ‍ॅब्डोमेन ट्रायफेजिक (काँट्रास्टचे तीन टप्पे) मागवा आणि सोबत १८० सेकंदांची डिलेड फेज लिहून मागवा. ७० सेकंदांच्या फेजमध्ये किडनीकडून आलेलं काँट्रास्टवालं रक्त आणि पायांकडून आलेलं साधं रक्त आयव्हीसीत मिसळतं, ते हुबेहूब गुठळीसारखं दिसतं. डिलेडमध्ये ते नाहीसं होतं, खरी गुठळी तशीच राहते. स्कॅन राइट एट्रियमपासून जांघेपर्यंत, स्लाइस १ ते १.५ मिमी, कोरोनल आणि सॅजिटल रिफॉरमॅटसह.

आणि सीटीत लिव्हरमध्ये चकाकणारे छोटे-छोटे नोड्यूल दिसले तर लगेच कॅन्सर म्हणून घाबरवू नका. या आजारात रक्तपुरवठा बदलल्यामुळं रिजनरेटिव्ह नोड्यूल होतात. सहसा अनेक, ४ सेंमीपेक्षा लहान. पण कॅन्सर होतच नाही असंही नाही, म्हणून एएफपी (लिव्हरच्या कॅन्सरसाठीची रक्ततपासणी) करा. ती वाढलेली असेल किंवा एखादाच नोड्यूल वाढत असेल तर बायोप्सीचा विचार.

---

आयआर_संभाजीनगर:

इंटरव्हेन्शनल रेडिओलॉजिस्ट म्हणून सोनो सरांच्या पुढचं लिहितो.

सगळा निर्णय एका गोष्टीवर ठरतो: ब्लॉक कुठं आहे आणि किती लांब आहे. आपल्याकडं तरुण पेशंटमध्ये आयव्हीसीचा पडदा किंवा हिपॅटिक व्हेनच्या तोंडाशी एक-दोन सेंमीचा आखूड ब्लॉक बऱ्याचदा सापडतो. तो बलून आणि स्टेंटनं उघडता येतो आणि लिव्हरचं रक्त नैसर्गिक वाटेनंच जातं. टिप्समध्ये रक्त लिव्हरला वळसा घालून जातं. त्यामुळं आखूड ब्लॉक शोधायच्या आधीच ‘टिप्ससाठी’ अशी चिठ्ठी लिहून पाठवू नये, ही माझी कळकळीची विनंती. आणि तिन्ही व्हेन्स उघडाव्या लागतात असं नाही. लिव्हरच्या आत कोलॅटरल्स तयार झालेले असतात, एक मोठी व्हेन किंवा ती अ‍ॅक्सेसरी उघडली तरी बहुतेकांचं भागतं.

आयव्हीसीचा पडदा असेल तर: जांघेतून ७ फ्रेंच शीथ, वरून मानेतून दुसरा शीथ. दोन्हीकडून एकदम काँट्रास्ट सोडला की मधल्या बंद भागाची खरी लांबी कळते. नुसत्या खालच्या बाजूनं घेतलेल्या व्हेनोग्राममध्ये ब्लॉक आहे त्यापेक्षा लांब वाटतो, कारण वरचं टोक दिसतच नाही. मग राइट एट्रियम आणि आयव्हीसीचं प्रेशर, ५ हजार युनिट हिपॅरिन, आणि ०.०३५ ची हायड्रोफिलिक वायर. पडद्याला बारीक भोक असेल तर वायर जाते. पूर्ण बंद असेल तर वायरचं कडक टोक किंवा ट्रान्ससेप्टल सुई, समोरच्या कॅथेटरला निशाणा धरून. फ्लोरो दोन कोनांतून बघितल्याशिवाय सुई पुढं न्यायची नाही. एका कोनात बरोबर वाटणारी सुई दुसऱ्या कोनात पेरिकार्डियमकडं निघालेली असते. त्यासाठीच इको मशीन आणि पेरिकार्डियल टॅपचा ट्रे कॅथलॅबमध्ये उघडून ठेवायचा. बलून फुगताना दुखणं अपेक्षित आहे. बलून उतरवल्यावरही छातीत दुखतंय, बीपी पडतंय, नाडी वाढतेय, तर आधी इको.

बलून पायरीपायरीनं: १० मिमी, १४, मग १८-२०. बलूनची कंबर नाहीशी झाली पाहिजे. हिपॅटिक व्हेनमध्ये ८ ते १२ मिमी. ती मानेतून सापडत नसेल तर सोनोग्राफीखाली पोटावरून बारीक सुईनं व्हेन गाठायची, वायर आयव्हीसीत काढायची आणि वरून स्नेअरनं पकडायची.

स्टेंट टाकायचा की नुसता बलून पुरे? आखूड ब्लॉकसाठी चीनमध्ये झालेल्या एका रँडमाइज्ड ट्रायलमध्ये (२०१९) नेहमी स्टेंट टाकलेल्या गटात व्हेन पुन्हा आकसण्याचं प्रमाण नुसत्या बलूनपेक्षा बरंच कमी निघालं. माझा कलही हिपॅटिक व्हेनच्या तोंडाशी स्टेंटकडं आहे. आयव्हीसीचा पातळ पडदा मात्र मोठ्या बलूननं छान उघडला आणि ग्रेडियंट (ब्लॉकच्या दोन बाजूंच्या प्रेशरमधला फरक) पडला तर तिथं धातू न ठेवणं मला पटतं, विशेषतः तरुण पेशंटमध्ये. स्टेंट टाकलाच तर वरचं टोक राइट एट्रियममध्ये लोंबकळू देऊ नका. उद्या ट्रान्सप्लांटची वेळ आली तर सर्जनला क्लॅम्प लावायला जागा उरत नाही. आयव्हीसीचा स्टेंट हिपॅटिक व्हेनच्या तोंडावर आडवा बसत नाही ना, तेही बघा. शेवटी ग्रेडियंट ५ च्या खाली आला तरच काम झालं म्हणायचं. व्हेनोग्राम छान दिसला आणि ग्रेडियंट १० राहिला तर ते यश नाही.

दोन गोष्टी चुकतात म्हणून ठळक सांगतो. ब्लॉकच्या खाली ताजी गुठळी असताना मोठा बलून फुगवला तर ती फुप्फुसात जाते. आधी काही आठवडे अँटिकोअ‍ॅग्युलेशन किंवा कॅथेटरनं गुठळी विरघळवणं, मग बलून. दुसरं, जुना ब्लॉक उघडला की पायांकडचं साचलेलं रक्त एकदम हृदयाकडं येतं. त्या रात्री सलाईनच्या बाटल्या चढवू नका, फुप्फुसात पाणी होतं.

टिप्स कुणाला? तिन्ही व्हेन्स लांबवर दोरीसारख्या झाल्यात, उघडायला तोंडच नाही. किंवा औषधं आणि बलून करूनही पाणी येतंय. किंवा व्हेरिसेसमधून (अन्ननलिकेतल्या फुगलेल्या शिरांमधून) रक्त जातंय. अशात हिपॅटिक व्हेनच नसते, मग आयव्हीसीतून थेट कॉडेटमधून पोर्टल व्हेन गाठायची. कव्हर्ड स्टेंट, बहुधा १० मिमी, ग्रेडियंट १२ च्या खाली. तुमच्या पेशंटचा बीसीएस-टिप्स स्कोअर (बड-कियारीत टिप्सनंतरचा धोका सांगणारा) काढून बघितला: वय गुणिले ०.०८, बिलीरुबिन गुणिले ०.१६, आयएनआर गुणिले ०.६३, सगळ्यांची बेरीज साधारण ३.३६. सातच्या वर गेला असता तर टिप्स करूनही फायदा होईल का, असा प्रश्न पडला असता आणि ट्रान्सप्लांट सेंटरशी आधीच बोलावं लागलं असतं. तशी स्थिती नाही.

कव्हर्ड स्टेंटनंतर पहिल्या आठवड्यात डॉपलर करून ‘स्टेंट बंद’ असा रिपोर्ट देऊ नका. कापडात अडकलेल्या हवेमुळं आतला प्रवाह दिसत नाही. साध्या स्टेंटचा डॉपलर मात्र २४-४८ तासांत, मग १ महिना, ३ महिने, पुढं दर सहा महिन्यांनी.

---

तालुका_फिजिशियन:

खूप आभार दोघांचे. इको उद्याच करून घेतो, मानेच्या शिरा तर नॉर्मल आहेत. हिपॅरिनचं आणि ऊसतोडीच्या काळातल्या आयएनआरचं कुणी सांगेल का? टीबीच्या गोळ्यांचं काय करायचं?

---

हिपॅटो_नांदेड:

ही औषधं रोज लिहिणारी म्हणून सांगते. इकोत पेरिकार्डियम ठीक निघालं आणि ब्लॉक पक्का झाला की हिपॅरिन थांबवून ठेवू नका, स्टेंटची तारीख मिळेपर्यंत तर नाहीच.

हिपॅरिनच्या आधी रक्त काढून ठेवा. अँटिथ्रॉम्बिन आणि ल्युपस अँटिकोअ‍ॅग्युलंट हिपॅरिननं बिघडतात, प्रोटीन सी आणि एस अ‍ॅसिट्रॉमनं (रक्त गोठू न देणारी गोळी). लिव्हर आजारी असली की हे सगळे तसेही कमी येतात, त्यामुळं एका रिपोर्टवर शिक्का मारू नका. निळ्या टोपणाच्या ट्यूबमधलं रक्त चार तासांत वेगळं करून गोठवावं लागतं, तालुक्यात ते जमत नसेल तर तो खर्च वाया जातो. जांभळ्या टोपणाच्या ट्यूबमधल्या जनुकीय तपासण्या, म्हणजे जॅक-२ आणि फॅक्टर ५ लायडन, केव्हाही करता येतात, त्यांना हिपॅरिनचा अडसर नाही. जॅक-२ सोडू नका. प्लीहा वाढलेली असल्यानं सीबीसी साधा दिसतो आणि आतला मायलोप्रोलिफरेटिव्ह आजार (अस्थिमज्जेत रक्तपेशी जास्त बनण्याचा) झाकला जातो. पीएनएचसाठी (रक्तपेशींचा एक दुर्मीळ आजार) फ्लो सायटोमेट्री, अँटिफॉस्फोलिपिड अँटिबॉडी (पॉझिटिव्ह आल्या तर १२ आठवड्यांनी पुन्हा) आणि होमोसिस्टीन. जमेल तेवढं करा, पण तपासण्यांसाठी हिपॅरिन अडवू नका.

डोस: एनॉक्सापॅरिन १ मिग्रॅ प्रति किलो, १२ तासांनी, पोटातल्या पाण्याचं वजन वजा करून. अंदाजे वजन ५० किलो धरलं तर ६० च्या सिरिंजमधून ०.१ मिली टाकून द्या, उरतं ५० मिग्रॅ. प्लेटलेट पाचव्या ते दहाव्या दिवसात पुन्हा बघा, निम्म्यावर आल्या तर हिपॅरिन बंद. जास्त पाणी काढायचं असेल त्या दिवशी सकाळचा डोस पाणी काढल्यावर द्या. ५ लिटरच्या वर काढलं तर लिटरमागं ८ ग्रॅम अल्ब्युमिन; २० टक्क्यांच्या १०० मिलीच्या बाटलीत २० ग्रॅम असतं, म्हणजे ५ लिटरला दोन बाटल्या. एंडोस्कोपी करून मोठ्या व्हेरिसेस असतील तर बँडिंग किंवा बीटा ब्लॉकर, पण त्यासाठीही हिपॅरिन आठवडेच्या आठवडे लांबवायचं नाही.

टीबीच्या गोळ्यांबद्दल: टीबीचा कुठलाही पुरावा नसेल तर चेस्ट फिजिशियनशी बोलून त्या बंद करायला हव्यात. लिव्हर आधीच रक्त तुंबून सुजलीय, त्यात आयसोनियाझिड आणि पायराझिनामाइड नको. आणि रिफॅम्पिसिन सुरू असेपर्यंत अ‍ॅसिट्रॉमचा डोस वाढवत नेला तरी आयएनआर वर येत नाही. इथं धोका उलट्या बाजूनं येतो: गोळ्या थांबल्या की साधारण दोन आठवड्यांत त्यांचा परिणाम ओसरतो आणि तोच डोस आयएनआर एकदम वर नेतो. त्या काळात आठवड्यातून दोनदा आयएनआर. अ‍ॅसिट्रॉम १ किंवा २ मिग्रॅने सुरू करा, हिपॅरिनबरोबर किमान ५ दिवस, लक्ष्य २ ते ३. तिचा मूळचाच आयएनआर १.५ आहे हे विसरू नका. २ गाठला म्हणजे पुरेसं औषध बसलंय असं होत नाही, म्हणून हिपॅरिन घाईनं काढू नका.

रोजची एकच गोळी, तपासणी नको, म्हणून रिव्हारॉक्साबॅन द्यायचा मोह होतो. तिचा चाइल्ड-प्यू स्कोअर (लिव्हर किती बिघडलीय ते सांगणारा) आज ९ येतो, म्हणजे बी. या अवस्थेत नको, रिफॅम्पिसिनसोबत तर नकोच, आणि अँटिफॉस्फोलिपिड पॉझिटिव्ह असेल तर नंतरही नको. ब्लॉक उघडून पाणी ओसरल्यावर पुन्हा हिशोब करता येईल.

फडावरचं बोलायचं तर हा सीझन तिनं जाऊ नये, असं कुटुंबाला स्पष्ट सांगा. स्टेंट बसलेले पहिले काही महिनेच तो बंद पडायची भीती जास्त असते. पुढच्या वर्षी गेलीच तर आयएनआर स्थिर असेल तेव्हाच, आणि कारखान्याजवळच्या लॅबमध्ये चार आठवड्यांनी तपासणी, रिपोर्टचा फोटो तुमच्या व्हॉट्सअ‍ॅपवर. पाठ दुखली की फडाजवळच्या दवाखान्यात कमरेत डायक्लोफेनॅकचं इंजेक्शन मिळतं. ते घेऊच नये हे तिला आणि नवऱ्याला दोघांनाही सांगा. पॅरासिटामॉल दिवसाला २ ग्रॅमपर्यंत चालेल. मेथी, शेपू, पालक बंद करायला लावू नका. आठवड्यात साधारण सारख्या प्रमाणात खाल्लं की डोस त्याप्रमाणे बसतो. आज भरपूर, पुढचे दहा दिवस काहीच नाही, असं झालं की आयएनआर हलतो. उन्हाळ्यात पाणी न पिता उन्हात राबणं आणि सोबत स्पायरोनोलॅक्टोन-फ्रुसेमाइड चालू, यातून रक्त घट्ट होतं आणि किडनीही आटते. उलट्या-जुलाब झाले तर लघवीच्या गोळ्या थांबवून दाखवायला यायचं.

गोळ्यांची चौकशी जरूर करा: माला-एन चालू होती का, देवदर्शनाला किंवा लग्नकार्याला पाळी पुढं ढकलायच्या गोळ्या घेतल्या का. पुढं दोन्ही बंद. कॉपर-टी चालते, फक्त अ‍ॅसिट्रॉमवर पाळी जास्त जाते, हिमोग्लोबिन बघत राहा. पाळी चुकली तर त्याच आठवड्यात तपासणी, कारण सहाव्या ते बाराव्या आठवड्यात अ‍ॅसिट्रॉम बाळाला इजा करतं. गरोदरपणात इंजेक्शनवर आणायचं.

---

आयआर_संभाजीनगर:

मॅडमशी पूर्ण सहमत. पाठवायचं ठरलं की एक करा: फिल्म नको, सीटीची डायकॉम सीडी किंवा पेनड्राइव्ह द्या, कारण लांबी मोजायला स्लाइस फिरवून बघावे लागतात. सोबत डॉपलरचा सविस्तर रिपोर्ट, हिपॅरिनच्या शेवटच्या डोसची वेळ, इको, क्रिएटिनिन. आदल्या रात्रीचा डोस द्यायचा की नाही ते त्या सेंटरला विचारूनच ठरवा.

घाटी (संभाजीनगर), लातूर, नांदेड किंवा अंबाजोगाईच्या मेडिकल कॉलेजमध्ये आधी विचारा, निदान पक्कं करणं आणि हिपॅरिन सुरू करणं तिथं होतंच. बलून-स्टेंटसाठी मुंबई, पुणे किंवा हैदराबादच्या सेंटरला निघायच्या आधी फोनवर तारीख पक्की करा, नाहीतर हे लोक सामान घेऊन जातात आणि ओपीडीच्या रांगेतून परत येतात. महात्मा फुले योजनेत ही प्रक्रिया कोणत्या पॅकेजखाली बसते ते त्याच रुग्णालयातल्या आरोग्यमित्राकडून लिहून घ्या. रेशनकार्ड आणि आधारची मूळ प्रत सोबत असू द्या. आधारवरचं आणि रेशनकार्डवरचं नाव जुळत नसेल तर ते निघायच्या आधीच दुरुस्त करून घ्या, मंजुरी तिथंच अडकते.

---

तालुका_फिजिशियन:

इको झाला, पेरिकार्डियम नॉर्मल. डॉपलर परवा, वर सांगितलेल्या सेटिंगनं, आणि सोनोलॉजिस्टला रिपोर्टमध्ये काय काय हवंय ते लिहूनच देतोय. जॅक-२ आणि लायडनचं रक्त आज गेलं. रिपोर्ट आले की इथंच टाकतो, आयव्हीसीतल्या ब्लॉकखाली गुठळी निघाली तर आयआर सरांना पुन्हा त्रास देईन.